गिळलेली ओळ

बस गं रविना, लाइट येईल तेव्हा येईल. हे मी पाहिलेलं नाही, दीपेशनं सांगितलेलं आहे. इतकं शिकूनही मला ते खोटं म्हणता येत नाही. खरं म्हणायचीही भीती वाटते.

दीपेश मुरबाडचा, माझा विद्यार्थी. खेड्यापाड्यांतली गाणी जुन्या कॅसेटींवरून उतरवून एका संस्थेनं कॉम्प्युटरवर संग्रह केला होता, त्यावर तो काम करत होता. मेलेल्याच्या बाराव्याला बायका म्हणतात, ते गाणंही त्यात होतं. प्रत्येक गावच्या गाण्यात कुठेतरी एक ओळ कमी. बायका विसरल्या असतील, असं दीपेशनं धरलं. त्याच्या प्रोग्रामनं सगळी गाणी शेजारी लावली आणि एकात नसलेली ओळ दुसऱ्यातून भरली. अख्खं गाणं जुळलं.

ते बरोबर आहे का, हे विचारायला तो वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावर, ते गाणं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या सकुबाईकडे गेला. आठ जानेवारी २००८, मंगळवार, मार्गशीर्ष अमावास्या. एसटी रखडली, पोचेपर्यंत अंधार पडला. सकुबाई एकटीच राहायची. नवरा, लखमा, दारू पिऊन तिला मारायचा. तो मेल्यापासून त्या घरात ती सुखानं झोपत होती.

दीपेशनं चुलीपाशी लॅपटॉप उघडला आणि जुळवलेलं गाणं लावलं.

“कोणाचा गळा हा?”

“बऱ्याच जणींचा, आजी. तुमचापण आहे.”

“माझा गळा डब्यात कोंडलास रं?” ती हसली. गाणं पुढे सरकलं, तशी हसायची थांबली. “बंद कर.”

“संपतंच आलंय.”

“बंद कर, मेल्या! आमी विसरत नाय. एक ओळ गिळतो. अख्खं म्हटलं तर मेलेला वेशीवर थांबत नाय, घरात येतो!”

दीपेशनं घाईनं झाकण लावलं.

पण गाणं... संपलं होतं.

कुत्री गप्प झाली. बाहेर पावलं वाजली. जड. झोकांड्या खाणारी.

दाराशी थांबली.

सकुबाईनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. मार चुकवायला घेतात, तसे.

“कोणाला आणलंस रं माझ्या घरात...”

दोघं मागच्या दारानं पळाले.

सकाळी शेजारचा भिमा आत जाऊन आला. कोणी नव्हतं. त्यानं मागचं दार आतून लावलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. सकुबाई किन्हवलीला लेकीकडे गेली. दीपेशनं गाणं पुसून टाकलं.

होळीला ती लुगडी न्यायला आली. भिमा सोबत होता. कुलूप तसंच होतं. किल्ली फिरली, कुलूप निघालं.

भिमानं दार ढकललं.

हललं नाही.

खांदा लावला. फट पडली...

आतून कडी लावलेली होती.