क्रमांक ६१२ चा भाव

मिरजेच्या स्वरपेढीत, घसा गमावलेल्या सहाशे बारा माणसांचे आवाज जपून ठेवले होते. त्यांच्या गळ्यातली बोलयंत्रं तिथूनच आवाज घेत. सोमवारी एका खंडणीखोर टोळीने कुलूपविषाणू सोडून सगळे आवाज बंद केले. त्यांतले सहाशे अकरा दुपारपर्यंत परत मिळाले, कारण दप्तरप्रमुख गोडबोले दर महिन्याला त्यांच्या प्रती वेगळ्या पेटीत ठेवत. सहाशे बारावा आवाज त्यांचा स्वतःचा. ‘माझं शेवटी बघू’ म्हणत अकरा वर्षं त्याची प्रत निघाली नव्हती. आणि नव्याने नोंदवायला आता घसाच नव्हता.

टोळीने त्या एका आवाजाचे चाळीस लाख मागितले.

“काल अठ्ठावीस होते!” संचालिका डॉ. हेमलता शिराळकर उसळल्या.

“मध्ये तुम्ही चार विनवणीपत्रं धाडलीत. पत्रामागे तीन लाख,” वाटाघाटींचे जाणकार इम्तियाज सतारमेकर शांतपणे म्हणाले. “भाव त्यांचं सौदायंत्र ठरवतं. ते आपल्या टपालात बसून मोजतं, कोणासाठी जीव किती तुटतोय.”

गोडबोल्यांनी पाटीवर लिहिलं, ‘डॉक्टर, एवढा भाव तुम्हालाही येणार नाही.’

“चढू नका, काका. एवढे पैसे आहेत कुणाकडे?”

“एक वाट आहे,” इम्तियाज म्हणाले. “भरवसा बसावा म्हणून टोळी एक फाईल फुकट उघडून देते. मात्र कवडीमोल असेल तीच. तेव्हा गोडबोलेसाहेबांना कवडीमोल करायचं.”

गोडबोल्यांनी पाटी पुसली.

यंत्राला टपालातून मुद्दाम हुसकलं नाही, मोजू दिलं. हजेरीपटातून गोडबोल्यांचं नाव गेलं, पत्रांतून उल्लेख गेला. मधे त्यांचा वाढदिवस आला. शुभेच्छांचा एकही संदेश निघाला नाही. भाव उतरत गेला. एकोणतीस लाख, चौदा, दीड, मग साडेनऊशे रुपये. बाराव्या दिवशी इम्तियाजनी नमुना म्हणून क्रमांक ६१२ मागितला.

उत्तर आलं, ‘मागणी शून्य. मंजूर.’

टाळ्या पडल्या. गोडबोल्यांचं बोलयंत्र खरखरलं.

“वाढदिवस विसरलात.”

“योजनाच होती ना, काका,” हेमलताबाई हसल्या. “यंत्राला चाहूल लागू नये म्हणून.”

“यंत्र टपालात होतं. माझ्या डब्यात नव्हतं. कोणी एक लाडू ठेवला असता, तर त्याला कुठे दिसणार होता?”

हेमलताबाईंनी इम्तियाजकडे पाहिलं. ते कोऱ्या पाटीकडे बघत होते.

“म्हणजे मोजणी बरोबर होती त्याची,” गोडबोले म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजाची प्रत काढायला पेटीकडे गेले.