प्रभुभोजनाचा पाव

पिठाच्या पिंपाला खूण म्हणून आतून ओढलेली कोळशाची रेघ शनिवारी सकाळी पिठात बुडालेली होती आणि दुपारी, बेकरीवाली प्रार्थनासभेहून परतली तेव्हा, ती दोन बोटं उघडी पडली होती. तिने भट्टीच्या दाराला हात लावून पाहिला. गरम! सकाळचे पाव काढून पाच तास झाले होते... मग ही भट्टी कुणासाठी तापली?

गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली. मग गल्ल्यामागे उभ्या लेकाला म्हणाली, "तुझ्या बायकोचा हात लांब आहे. दर शनिवारी मी चर्चमध्ये गुडघे टेकते, आणि ही घरात पीठ उपसते."

सुनेला हाक मारली गेली. सासू तिला मुकी म्हणायची. सात वर्षांत सुनेने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि एवढी गप्प राहणारी बाई पोटात काहीतरी लपवून असणारच, अशी सासूची खात्री होती. लेकाने विचारलं, पीठ माहेरी जातं का. सुनेने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हो. मी घेतलं."

सोमवारी माहेरी जा आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस, असं लेक म्हणाला.

बेकरीवालीला वाटलं होतं, चोर सापडला की काळजावरचा दगड उतरेल. ती मागच्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसली. तीस वर्षं याच जागी प्रभू तिला इतका जवळ भासायचा, की पीठ मळताना शेजारी कुणी बसलं आहे असं वाटावं. गेलं वर्षभर मात्र ती जागा रिकामी होती. आधी तिने पाळकांच्या कोरड्या उपदेशाला दोष दिला, मग गुडघेदुखीला, मग घरातल्या चोराला. आता चोरही सापडला होता, तरी शेजारी कुणी नव्हतं...

माझं काय चुकलं, प्रभू? ना कुणाचा घात केला, ना कुणाचं लुबाडलं. सुनेच्या दाराला कान लावते, पण ते घर राखणं झालं. शेजारणीकडे तिच्याविषयी दोन शब्द जास्त बोलते, पण कुठल्या घरात बोलत नाहीत? आणि मागच्या वर्षीच्या तापात जिभेची चव गेली, ती गेलीच, हे कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक घासाला "छान झालंय" म्हणते. ते काय खोटं झालं? भलेपणाच की!

मागचं दार करकरलं. सून कापडाने झाकलेली टोपली घेऊन बाहेर पडत होती. एवढं होऊनही! हिचा साथीदारच हाती लागेल, म्हणून सासू भिंतीच्या कडेकडेने मागे निघाली.

सून चर्चच्या बाजूच्या दाराने आत शिरली. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने दार उघडून दिलं. आतल्या मेजावर उद्याच्या प्रभुभोजनात सगळ्या मंडळीला वाटायचा पाव होता; तो भाजण्याचा मान बेकरीवालीचा, आणि दुपारी तिनेच तो स्वतःच्या हाताने आणून ठेवलेला. सुनेने तो उचलला आणि त्या जागी टोपलीतला ठेवला.

"माझा मान चोरतेस?" सासू उंबऱ्यातून ओरडली.

सून भिंतीला टेकली. म्हातारा मध्ये आला. "बाई, पोरीला बोलण्याआधी स्वतःचा पाव चाखा."

तिने तुकडा तोडला, चावला. गेलं वर्षभर सगळंच लागायचं, तसा तो मातीसारखा लागला. "चांगला तर आहे."

"चांगला? दर शनिवारी हा उचललेला पाव बकरीला टाकतो, तर तीसुद्धा हुंगून पाठ फिरवते. नुसतं मीठ आहे, बाई. वर्ष झालं."

मीठ... दुकानाची कणीक लेक मळायचा, पण ही ती स्वतः मळायची, आणि मळताना दर वेळी शंका यायची, मीठ घातलं की राहिलं? चाखून कळत नव्हतं आणि विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून ती आणखी एक मूठ टाकायची. आणि मग आणखी एक.

"का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"त्या पावावर तुमचा जीव आहे, आई," सून म्हणाली. "लोक हसले असते. तुम्ही तो मान सोडला असता, आणि मग अंथरूण धरलं असतं. मला माहेर तरी आहे."

या पोरीने चोर म्हणवून घेतलं, संसार सोडायला तयार झाली, आणि आपण तिच्या दाराला कान लावून जे ऐकायला बघत होतो, ते हे होतं!

बेकरीत परतल्यावर तिने गिऱ्हाइकांच्या देखत लेकाला सांगितलं, की मला चव कळत नाही, वर्षभर मी खोटं बोलले, आणि तुझी बायको माझी लाज झाकत होती. लेकाने मान खाली घालून बायकोचा हात धरला. मग सासूने सुनेला मागच्या खोलीत नेलं आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले.

"प्रभू, हिच्या दाराला कान लावला. शेजारणीपाशी हिची निंदा केली. लेक हिच्यावर चिडला तेव्हा मला बरं वाटलं. हिच्या ट्रंकेत हात घातला, दोनदा... नाही, तीनदा."

सून हुंदके देत होती. "पुरे ना, आई."

"गप्प बस," सासू डोळे मिटूनच म्हणाली, "अजून निम्मी पापंसुद्धा सांगून झाली नाहीत."