पुढची जागा

चौलच्या शाळेवर नव्याने आलेल्या काशी म्हात्रेला मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं हवी होती. जुन्या समुद्रसफरी, राक्षसांच्या गुहा, बोलणारे पक्षी. धड्यांच्या पलीकडचं काहीतरी. गावात वाचनालय होतं, पण पोरांसाठी ते बंदच. किल्ली चिटणीस चांगदेवरावांकडे असे. रविवारी दुपारी ती निघाली, तेव्हा शेजारच्या गोदूबाईने वाळत घातलेल्या बोंबलांवरून मान वर केली.

"एकटी जाव नको, बाय."

मग तिने सांगितलं. आधीच्या मास्तरीणबाई, सत्यवतीबाई, तिथल्या मागच्या खोलीत कोळ्यांच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्या. चांगदेवरावांना ते खपेना. पुस्तकांना मासळीचा वास लागतो म्हणे. एकदा त्यांनी गोष्टींची सगळी पुस्तकं मागच्या अंगणात पेटवली आणि आत विनवण्या करणाऱ्या बाईंवर बाहेरून कुलूप घातलं. बाईंना दमा होता. खिडकीतून धूर आत जात राहिला.

"मी म्हटलं, दार उघडा. तो म्हनला, खोड मोडू दे जरा." गोदूबाईचा आवाज खाली गेला. "सकाली उघडलं. गावाला सांगितलं, काळीज बंद पडलं."

 तरीही काशी गेली.

चांगदेवरावांनी कुलूप काढून तिच्या हातात दिलं, पण स्वतः पायरीवरच उभे राहिले. "काय हवं ते घ्या आणि लवकर या. मी आत येत नाही."

आत दमट कागदाचा वास होता. कपाटं चाळता चाळता काशी थबकली. मागच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं. बाईचा आवाज, हळू, मध्येच धाप लागणारा.

"...आणि राजकन्या गुहेच्या तोंडाशी आली..."

"मंग, बाय?" बारीक बारीक आवाजांनी विचारलं.

काशीने दार ढकललं. खोली रिकामी होती. जळक्या कागदाचा वास मात्र घशात शिरला. ती धडपडत बाहेर पायरीवर आली. चांगदेवरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण... कोण वाचतंय आत?"

"तुम्हालाही ऐकू येतंय?"

वाचन थांबलं. मग अगदी उंबऱ्याशी, शांतपणे, कुणीतरी म्हणालं, "या ना, चांगदेवराव. दार उघडंच आहे."

काशीने त्यांची बाही धरली. ती तिच्या हातातून निसटली. मागून ढकलल्यासारखे ते आत गेले आणि दार बंद झालं.

आतून धक्के बसू लागले. "उघडा... धूर... बाई, उघडा हो!"

दाराला आतून कडी नव्हती, कुलूप काशीच्या हातात होतं, तरी दार तसूभर हलेना. तिच्या ओरडण्याने कोळीवाड्यातली माणसं धावत आली, पहारी लावल्या. खिडकीतून आत धुराची रेघही दिसत नव्हती. गोदूबाई मात्र पदर तोंडाशी धरून लांब उभी राहिली. तिने हात लावला नाही. आतलं खोकणं हळूहळू बारीक झालं, थांबलं. मग दार आपोआप उघडलं.

चांगदेवराव दाराशीच पडले होते. नाकातोंडात काजळी भरलेली. आत राखेचा कणही नव्हता.

पुढे वाचनालय सगळ्यांना खुलं झालं. काशीने मुंबईहून पुस्तकं मागवली आणि दर रविवारी मागच्या खोलीत मुलांना गोष्टी वाचू लागली. पोरं गर्दी करायची, एकमेकांच्या मांडीवर बसायची, पण पुढे तिच्या पायाशी मोठ्या माणसाएवढी जागा मोकळी सोडायची.

"अगं शकू, दाटीत का बसतेस? इथे ये ना पुढे."

शकूने त्या जागेकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तिथं काका बसलंत, बाई. रडतान. उठाया बघतान, पन त्या दुसऱ्या बाई त्यांना उठू देत न्हाय."