राधाबाईंची गोळी

दादरच्या मेडिकलमध्ये प्रितीने आईसाठी मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली मागितली, तेव्हा शेजारी उभा असलेला तरुण हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही. चांगलं असतं म्हणून."

"हं… निरोगी माणसाला त्याने फारसा फरक पडतो असं दिसलेलं नाही. आईंचं बीपी कधी तपासलंत?"

कधीच नाही. प्रितीला रागच आला. पण त्याच्या डोळ्यांत शहाणपणा मिरवणं नव्हतं, उलट आपण बोलून गेल्याचं अवघडलेपण होतं. वरळीला बीडीडी चाळीत परतल्यावर तिने आईला, राधाबाईंना, दवाखान्यात नेलं. बीपी इतकं वाढलेलं, की डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मोजलं आणि गोळी सुरू केली.

आभार मानायला ती त्या दुकानाशी घुटमळली… आणि एका संध्याकाळी तो भेटलाही. टेरेन्स. गिरगावचा, परळच्या एका संस्थेत औषधोपचारांवरचे अभ्यास पडताळणारा.

मग फोनवर तिचे मेसेज, तिचे प्रश्न सुरू झाले. सकाळी मध-पाणी? पुरावा कच्चा. तंबाखू सोडणं? एकदम पक्का. चालणं? तोही पक्का – "पण एकटीने की कुणाबरोबर, ते तपासावं लागेल," त्याने लिहिलं.

तपासायला दोघं वरळी सी फेसवर चालू लागली. वारा तिचे केस त्याच्या खांद्यावर नेऊन टाकायचा… ती ते लगेच आवरायची नाही.

अशात राधाबाईंनी गोळी बंद केली. काही होत नाही, मग औषध कशाला, म्हणाल्या. प्रितीने समजावलं, भांडली, रडली. शेवटी टेरेन्स घरी आला. दारात चपला काढून "जयभीम, काकी" म्हणाला आणि चटईवर बसला. त्याने आहे ते सांगितलं. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. गोळी घेणाऱ्यांत लकवा कमी होतो. पण तुम्हाला होणारच नाही, असं वचन कुणी देऊ शकत नाही.

राधाबाईंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली. "हिचे वडीलसुद्धा काही होत नाही म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि पाण्याबरोबर गोळी घेतली. मग विचारलं, "आणि प्रितीचं काय ठरवलंयस?"

टेरेन्सचे कान लाल झाले. "मला ती आवडते, काकी… खूप. तिला विचारायचं राहिलंय."

प्रिती ओट्याशी पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, "मग विचार ना."

त्याने विचारलं. ती वळून हो म्हणाली तेवढ्यात मागे चहा उतू गेला, आणि गॅस बंद करायला राधाबाईंनाच उठावं लागलं.