खंडेरावाच्या जाळ्यावर

खंडेरावाचं मोठं जाळं फाडायचं, एवढ्याचसाठी पुंजारामनं होडी घेतली! पुंजाराम भोई ट्रकच्या रबरी ट्यूबवर बसून गंगापूर धरणात मासे धरायचा. त्र्याऐंशीच्या चैत्रात पलीकडच्या काठावरच्या बड्या मासेमार खंडेरावानं भर पाण्यात ती ट्यूब सुरीनं फोडली, त्याची चार जाळी उचलली आणि वर हसला, "पोहत जा, बेडका!" ते हसू पुंजारामच्या कानातून काही केल्या जाईना.

होडी डहाणूची, जुनी. विकणारा बारकू तांडेल लोखंडी नांगरही देत होता. "धरणात नांगर कशाला? समुद्र हाय का त्यो?" म्हणून पुंजारामनं तो तिथंच ठेवला. तांडेलाचं एक मात्र ऐकलं. उन्हानं उललेल्या फळ्या फुगाव्यात म्हणून होडीत दगड भरून ती आठ दिवस काठाशी बुडवून ठेवली. सारा गाव बघून हसून गेला. पुंजाराम दातओठ खात राहिला.

नवव्या दिवशी पाणी उपसून तो आणि बायको लंकाबाई निघाले. आणि होडी जागच्या जागी गरगर फिरू लागली! ट्यूबवर पाय मारून वळणाऱ्या माणसाला हे लाकडी धूड आवरेना.

"अवं, दोघांनी एका टायमाला वल्हं मारायचं!" लंकाबाई खेकसली.

तासाभरानं कुठं होडी सरळ चालली. खंडेरावाच्या जाळ्याचे तरंगते डबे दिसले. पुंजारामनं कमरेची सुरी काढली. तोच पश्चिमेचा वारा सुटला!

होडी वाऱ्याला आडवी झाली. पाणी आत आलं. वारा तिला धरणाच्या दगडी भिंतीकडं रेटू लागला. वल्ही मारून दंड भरून आले, तरी भिंत जवळच येत होती!

"दोर धरा!" लंकाबाई ओरडली.

जाळ्याचा जाड दोर तळातल्या धोंड्यांना बांधलेला होता. पुंजारामनं झडप घातली. तळवे सोलले. त्यानं दोर होडीच्या टोकाला आवळला. टोक वाऱ्याकडं वळलं. होडी थांबली! दोन तास दोघं पाणी उपसत त्या दोरावर तगून राहिली, आणि तेवढा वेळ पुंजाराम खंडेरावाला शिव्या देत होता.

वारा पडला.

"कापा आता. कोण बघतंय?" लंकाबाई म्हणाली.

त्यानं सुरी दोराला लावली. हात चालेना. संतापानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मेल्याचा दोर लय पक्का हाय," म्हणत त्यानं गाठ सोडली आणि होडी सरळ खंडेरावाच्या काठाकडं वळवली.

खंडेराव खोपटाबाहेरच उभा होता.

"तुझं जाळं फाडाया आलो व्हतो," पुंजाराम होडीतूनच गरजला. "त्याच्याच दोरानं वाचलो, म्हनून सोडलं. माझी जाळी दे. नायतर उद्या परत येईन. आता मला होडी हाकता येती!"

खंडेरावानं होडीकडं पाहिलं, पुंजारामच्या रक्ताळलेल्या तळव्यांकडं पाहिलं. मग तो आतून चारही जाळी घेऊन काठापर्यंत आला.

"हितं, होडीत आणून ठेव," पुंजाराम म्हणाला.

खंडेराव धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात उतरला.