भरतीची शिट्टी

समुद्रावर नाडीचे बूट घालून आलेला माणूस कौशल्येनं पहिल्यांदाच पाहिला. तसा समुद्रही ती पहिल्यांदाच पाहत होती, पण समुद्राचं हसू येत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर. नागपूरच्या सहलीची मंडळी त्या दिवशी मुंबईहून अलिबागला आली होती. ओहोटी लागलेली. गाईड सगळ्यांना ओल्या वाळूतून चालवत समोरच्या कुलाबा किल्ल्याकडे नेत होता, आणि या महाशयांचा डावा बूट असा रुतला की पाय वर आला, बूट खालीच.

"हसा, हसा," तो एका पायावर तोल सावरत म्हणाला. "हात मात्र देऊ नका."

"मी कायले देऊ जी? बूट काय मी घालून आली?" असं म्हणत तिनं वाकून बूट उपटला, त्यातलं पाणी ओतलं आणि त्याच्या हातात ठेवला.

त्याचं नाव मधुसूदन. नागपूरच्या महाल भागात घर, हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी. आजोबा कारकून, वडील कारकून. हा एकटाच यंत्रांत शिरलेला. तिच्या वडिलांचं, बाबारावांचं, इतवारीत धान्याचं दुकान; तेही सहलीत होते. एवढं बोलणं किल्ल्याच्या दरवाजापर्यंत झालं, तोच मागून यमुआत्या खाकरली. आत्या खाकरली की घरातली मांजरसुद्धा जागा बदलायची. कौशल्या मुकाट्यानं पुढे झाली.

गाईडनं गणपती दाखवला, गोड्या पाण्याचं तळं दाखवलं, तोफा दाखवल्या. मग बजावलं, "भरती लागली की शिट्टी मारीन. शिट्टी झाली की निघायचं. मागाहून मला नावं ठेवायची नाहीत."

तटाच्या टोकाशी वारा पदर राहू देत नव्हता. तिथं मधुसूदन पुन्हा भेटला. भेटला कसला... वाट पाहतच उभा होता. दोन्ही बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले.

"हार छान आहे," ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच घातला." आणि बोलून स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

तिला त्याचं लाजणं फार आवडलं. म्हणूनच तिनं ठरलेल्या साखरपुड्याचं घाईनं सांगून टाकलं, "संक्रांत झाली की माझं साक्षगंध आहे. मौद्याचे लोक आहेत. राइस मिल आहे त्यांची."

त्यानं गळ्यातले बूट काढून तटावर ठेवले. "मुलगा कसा आहे?"

"मुलगा नाही पाह्यला. मिल पाह्यली. बाबांनं नेऊन दाखवली. मोठी आहे."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

खाली शिट्टी वाजली.

घरी तिला भाजी कोणती करायची ते विचारत, पातळाचा रंग विचारत. हे कोणी विचारलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

पुन्हा शिट्टी.

"चला, जायला पाहिजे," तो म्हणाला.

"बसा जी. पाणी येऊन येऊन किती येईन? अंबाझरी भरली तं एखादी पायरी बुडते. तसंच असन."

पाणी म्हटलं की तळंच डोळ्यांपुढे येणारी ही नागपूरची माणसं! यंत्रातलं कळणाऱ्या मधुसूदनलाही ते पटलं. तो बसला.

मग ती बोलत सुटली. बी.ए. अर्धवट सोडायला लावलं ते, दुकानातल्या पोत्यांसारखं आपल्यालाही तोलून पाहिलं ते, लग्नानंतर मिलच्या आवाजात रात्री झोप कशी येणार ते... तो मध्ये एकदाच बोलला. "तुम्ही मला आवडता. आजच भेटलो, पण... आवडता."

तिनं मान खाली घातली नाही. "मले पण तुम्ही," म्हणाली.

दोघं उठली तेव्हा वाट नव्हती. ज्या वाळूवर बूट रुतला होता तिथं लाटा फुटत होत्या. पलीकडच्या किनाऱ्यावर आत्याचं हिरवं लुगडं तेवढं ओळखू येत होतं; पोरगी पुढच्या घोळक्यात असेल असं धरून ती निघून गेली होती.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काय, बसा अजून," ती म्हणाली. तिला हसू आवरेना.

उन्हं कलल्यावर एका कोळ्यानं त्यांना होडीतून आणलं. किनाऱ्यावर सगळी सहल उभी होती. बाबारावांचा चेहरा पाहवत नव्हता. आत्यानं मात्र तोड काढून ठेवली होती.

"मौद्याले कळलं तं साक्षगंध मोडन," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गाईडनं शिट्टीच नाही मारली, असं सांगायचं. बस्स."

बुडत्याला काडीचा आधार. बाबाराव गाईडवर धावले. "माझी पोरगी विसरून येता? तक्रार करतो तुमची!"

गाईड बिचारा पांढरा पडला. कौशल्येनं नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. मधुसूदन पुढे झाला. "चूक माझी..."

"तुम्ही थांबा जी." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बाबा, शिट्टी झाली होती. मी ऐकली. हे चला म्हणत होते, मीच यांना बसवलं."

"काहून?"

"यांनी मले विचारलं, तुमच्या मनात काय आहे. आजपर्यंत घरात कोणी विचारलं नाही. जवाब लंबा होता, बाबा."

बाबाराव गाईडपासून मागे सरले. कौशल्या थांबली नाही.

"मौद्याले तुम्ही सांगा, नाही तं मी सांगते. मी साक्षगंधाले बसत नाही."

"आणि हा? हा आपल्यातला तरी आहे काय वं?" आत्या ओरडली.

"नाही. मले माहीत आहे."

बाबाराव बसकडे चालू लागले. बसमध्ये बायका पुढे, पुरुष मागे, असा नागपूरपासूनचा रिवाज. आत्यानं शेजारची जागा हातानं थोपटली. कौशल्या तिच्यावरून, बाबारावांवरून, सगळ्या टोप्यांच्या मधून सरळ मागच्या बाकापाशी गेली.

"तुम्ही... इथं?" मधुसूदन गडबडून उठू लागला.

"उठता काहून? सरका."

"कौशे, लोक पाहून राहिले!" पुढून आत्याचा आवाज आला.

"पाहू दे वं आत्या," कौशल्या म्हणाली, आणि सगळ्या बसच्या देखत तिनं त्याचा हात हातात घेतला.