दुसरा पेला

मुलाखतीला माणूस येण्याआधी पाण्याचा जग भरायचा, दोन पेले पुसायचे, रेकॉर्डरची बॅटरी बघायची. दुपारचं एवढंच काम होतं. तिने जग भरला, पेले पुसले, आणि ते टेबलावर ठेवताना तिचा हात अडखळला.

टेबल जुनं होतं. एक पोलीस ठाणं पाडलं तेव्हा भंगारात निघालेलं. आरोपींकडून कबुल्या कशा काढल्या जातात यावर विद्यापीठात तिच्या विभागाचं संशोधन चाललं होतं. निवृत्त अधिकाऱ्यांना तशाच टेबलाशी बसवलं की त्यांच्या आठवणी भराभर निघतात, असं विभागप्रमुख सरांचं म्हणणं. म्हणून ही खिडकी बुजवलेली खोली. टेबलावर पेल्याचा पांढुरका गोल डाग होता, तोही फक्त पोलीस साहेब बसायचा त्या बाजूला. समोर, जिथे पकडून आणलेला माणूस बसायचा, तिथलं लाकूड अगदी कोरं. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि एकाच्याही पुढ्यात कधी पेला टेकला नव्हता!

तिने मुद्दाम दुसरा पेला त्या बाजूला ठेवला. काठोकाठ भरून.

याच टेबलाशी कधीतरी तिचा दादा बसला होता. चोरीच्या संशयावरून त्याला त्याच ठाण्यात नेलं, आणि परत आणलं ते चादरीत गुंडाळून. म्हणे हृदय बंद पडलं! दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढणारा पोरगा तो. खरा चोर पुढे दुसराच निघाला, पण वरातीमागून घोडं काय कामाचं? तिला एवढंच हवं होतं, की त्या खोलीत काय झालं ते कुणीतरी एकदा तोंडाने सांगावं. सरांना ती हे बोलली होती. "भावना दाराबाहेर ठेवून या," सर म्हणाले. भावना म्हणजे काय चपला आहेत?

साहेब आला. गुबगुबीत, कडक इस्त्रीचा. दादाच्या मृत्यूच्या चौकशीत पाहिलेला चेहरा तिने दारातच ओळखला. त्याने तिला ओळखलं नाही. कशाला ओळखेल?

न सांगताच तो डागाच्या बाजूला बसला. ती कडेला, स्टुलावर. समोरची खुर्ची रिकामी.

"इथलं बोलणं बाहेर जाणार नाही ना?"

"नाही. विभागाने तसा शब्द दिलाय." बोलताना तिची जीभ जळत होती.

मग साहेब खुलला. "मारायचं कशाला, बाई? अडाण्यांचं काम ते. उन्हाळ्यात पाणी तोडायचं. पेला आपल्यापुढे ठेवायचा, त्याला दिसेल असा. माणूस आपणहून सगळं कबूल करतो. न केलेलंसुद्धा!" तो हसला. "एक पोरगा तेवढा भारी चिवट. चोरीचा आळ होता. सारखं एकच, पाणी द्या, मग हवं तर मारा. मी म्हटलं, इथलं पाणी संपलंय रे बाबा."

"मग?"

"मग काय... गेला. उचलून पायऱ्या उतरवताना अगदी हलका लागला. हृदय लिहिलं आम्ही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, हसतोस काय!

पण साहेबाचं हसू मावळलं होतं. त्याने पेला तोंडाला लावला होता, आणि पेला रिकामा होता. त्याने जगातून पुन्हा ओतलं. ओठांपाशी नेईतो... तळाशी थेंब नाही. खोलीत शिळ्या घामाचा वास दाटला. आणि रिकाम्या खुर्चीकडून आवाज येऊ लागला. घट... घट... कुणीतरी श्वाससुद्धा न घेता पीत होतं.

"कोण... कोण आहे तिथे?"

दुसरा पेला ठणठणीत कोरडा होता. त्याच्याखाली, त्या कोऱ्या लाकडावर, ओला गोल हळूहळू उमटत होता.

साहेब खुर्ची पाडून पळाला.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी तिच्या घरी साहेबाचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका घसा सुकलेला.

"बाई... नळ सोडतो... ओंजळ भरते... तोंडाशी नेली की रिकामी. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तर बाटलीच रिकामी... त्या पोराला सांगा ना हो. एक घोट..."

कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारावं, धीर द्यावा, असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

"इथलं पाणी संपलंय, साहेब," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बरं वाटलं तिला. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

पाणी प्यायला तिने उशाजवळचा पेला उचलला. आत्ताच भरलेला. तो रिकामा होता.

"अगं," आतून आई ओरडली, "पिंपातलं पाणी कुठे गेलं? आत्ता तर भरलं मी!"

मधल्या अंधाऱ्या बोळात आवाज येत होता. घट... घट...

"दादा," ती हळूच म्हणाली, "मी आहे रे. तुझी भिंगरी."

क्षणभर ते पिणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तिने आवंढा गिळून पाहिला, तर तोंडात थेंबभरही ओल उरली नव्हती.